लोकायुक्त : चौकशीचे अधिकार आणि गोपनीयतेचे बंधन

संस्था आणि तिचे काम

शासनाच्या कारभाराविषयीच्या तक्रारीची चौकशी शासनाबाहेरच्या, कोणाच्याही हाताखाली नसलेल्या अधिकाऱ्याने करावी, या विचारातून लोकायुक्त ही संस्था उभी राहिली. ती न्यायालयासारखा निकाल देत नाही, पोलिसांसारखी अटक करत नाही, वरिष्ठ कार्यालयासारखा आदेशही काढत नाही. कागद मागवणे, संबंधितांचे म्हणणे ऐकणे आणि जे आढळले ते लेखी कळवणे, एवढ्यावर तिचे काम चालते. त्यासाठी कायद्याने लोकायुक्तांना शासनाची जवळपास सगळी दप्तरे खुली केली, आणि त्या दप्तरांत जे दिसेल त्याविषयी मौन पाळण्याचे बंधनही घातले. अधिकार आणि बंधन यांची चर्चा बहुधा वेगवेगळी होते. महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा वाचताना मात्र ती दोन्ही एकमेकांच्या आधाराने उभी असलेली दिसतात, आणि दोहोंना अर्थ येतो तो शेवटी विधिमंडळापुढे येणाऱ्या अहवालामुळे.

उगम

स्वीडनने १८०९ च्या राज्यघटनेत अशा चौकशीसाठी ‘ऑम्बुड्समन’ हे पद निर्माण केले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेन्मार्क, न्यूझीलंड आणि ब्रिटन यांनी ते आपापल्या पद्धतीने स्वीकारले. भारतात १९६३ मध्ये खासदार लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी या पदासाठी ‘लोकपाल’ हा शब्द दिला. मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ च्या अंतरिम अहवालात लोकपाल आणि लोकायुक्त अशी दुहेरी रचना मांडली. केंद्राचे १९६८ चे विधेयक लोकसभेच्या विसर्जनाबरोबर बारगळले; परंतु त्याचा आराखडा राज्यांच्या उपयोगी पडला. ओडिशाने १९७० मध्ये कायदा केला, तरी प्रत्यक्ष पद प्रथम सुरू झाले ते महाराष्ट्रात, २५ ऑक्टोबर १९७२ पासून. मादाम कामा मार्गावर, मंत्रालयासमोरच्या नवीन प्रशासन भवनात हे कार्यालय आहे. ज्यांच्या नस्त्या मागवायच्या ते रस्त्याच्या पलीकडेच बसतात.

कारभाऱ्यावर आतून नजर ठेवणारा, पण त्याच्या मर्जीवर न जगणारा अधिकारी ही कल्पना मराठी मुलखाला अपरिचित नव्हती. पेशवाईत मामलेदाराच्या दिमतीला असलेले दरखदार, म्हणजे मुजुमदार, फडणीस, चिटणीस आदी अधिकारी, त्याच्या हिशेबांवर लक्ष ठेवत, आणि त्यांना कामावरून दूर करण्याचा अधिकार मामलेदाराला नसे. स्वतंत्र चौकशीचे हे मूळ सूत्र आहे: ज्याची चौकशी करायची, त्याच्या हातात चौकशी करणाऱ्याची भाकरी असू नये.

स्वातंत्र्याची तरतूद

हेच सूत्र १९७१ च्या कायद्यात नेमणुकीच्या आणि पदच्युतीच्या नियमांतून आले आहे. लोकायुक्तांची नेमणूक राज्यपाल करतात. त्यापूर्वी उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि विधानसभेतील विरोधी पक्षनेता यांच्याशी विचारविनिमय होतो. मुदत पाच वर्षांची. या काळात विधिमंडळाचे वा संसदेचे सदस्यत्व, राजकीय पक्षाशी संबंध, व्यापार किंवा व्यवसाय यांपैकी काहीही ठेवता येत नाही. गैरवर्तन किंवा असमर्थता चौकशीत सिद्ध झाल्यावर आणि दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने तशी विनंती केल्यावरच पदावरून दूर करता येते. पद स्वीकारताना भय, पक्षपात, ममत्व किंवा आकस न ठेवता काम करण्याची शपथ राज्यपालांसमोर घेतली जाते.

गाऱ्हाणे आणि अभिकथन

कायदा तक्रारींचे दोन प्रकार मानतो. गैरकारभारामुळे एखाद्या व्यक्तीवर अन्याय झाला किंवा तिला अवाजवी त्रास झाला, तर ते ‘गाऱ्हाणे’. लोकसेवकाने पदाचा गैरफायदा घेतला, भ्रष्ट हेतूने काम केले किंवा त्याच्या वागण्यात सचोटीचा अभाव दिसला, तर ते ‘अभिकथन’. गाऱ्हाणे ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच मांडायचे असते. अभिकथन लोकसेवक नसलेली कोणतीही व्यक्ती करू शकते, कारण भ्रष्टाचाराची झळ कोणा एकालाच लागत नाही. गाऱ्हाण्यासाठी कृती कळल्यापासून १२ महिने आणि अभिकथनासाठी कृती घडल्यापासून ३ वर्षे अशी मुदत आहे. तक्रारीची वाट न पाहता लोकायुक्त स्वतःहूनही चौकशी हाती घेऊ शकतात.

मंत्री आणि सचिव यांच्या कृती लोकायुक्तांच्या कक्षेत येतात, इतर लोकसेवकांच्या उप-लोकायुक्तांच्या. न्यायाधीश, महालेखापाल, लोकसेवा आयोगाचे सदस्य हे कक्षेबाहेर आहेत, आणि १९७१ च्या कायद्यानुसार मुख्यमंत्रीही. गुन्ह्याचा तपास, राज्याची सुरक्षितता, व्यापारी करारातून उद्भवलेले वाद, कर्मचाऱ्यांच्या नेमणुका आणि शिस्तभंग हे विषय गाऱ्हाण्यांतून वगळलेले आहेत. सेवाविषयक बाबी वगळताना निवृत्तिवेतन, उपदान आणि भविष्यनिर्वाह निधी यांचे दावे मात्र आत ठेवले गेले. निवृत्त माणसाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या हाती दबावाचे कोणतेच साधन नसते. कायदा करणाऱ्यांनी ते ओळखले, हा या कायद्याचा मोठा गुण.

तुरुंगातील पाकीट

तक्रार सहसा शपथपत्रासह करावी लागते, म्हणजे खोटे लिहिणाऱ्यावर जबाबदारी राहते. या नियमाला जोडूनच एक छोटी, पण या सगळ्या विषयाचे सार असलेली तरतूद आहे. तुरुंगात, पोलीस कोठडीत किंवा मनोरुग्णालयात असलेल्या व्यक्तीने लोकायुक्तांना लिहिलेले पत्र तेथील प्रमुखाने न उघडता आणि विलंब न लावता पुढे पाठवले पाहिजे. एरवी बंद्याचे पत्र सहसा तुरुंगाच्या टेबलावर वाचले जाते आणि मगच टपालात पडते. हे एक पाकीट चिकटवलेले असेल तसेच जाते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हातून ती पाठवावी लागते, अशा ठिकाणी गोपनीयता नसेल तर तक्रारीचा अधिकार केवळ कागदावर राहतो.

कागद मागवण्याचा अधिकार

चौकशीचा गाभा कलम ११ मध्ये आहे. कोणत्याही लोकसेवकाला किंवा अन्य व्यक्तीला माहिती देण्यास वा दस्तऐवज सादर करण्यास लोकायुक्त भाग पाडू शकतात. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ नुसार दिवाणी न्यायालयाला असलेले अधिकार त्यांना मिळतात: समन्स काढून साक्षीदाराला हजर करणे, शपथेवर जबाब घेणे, दस्तऐवज उघड करायला लावणे, शपथपत्रावर पुरावा स्वीकारणे, कोणत्याही कार्यालयातून वा न्यायालयातून सरकारी अभिलेख मागवणे, साक्षीसाठी आयोग नेमणे. लोकायुक्तांपुढचे कामकाज न्यायिक कार्यवाही मानले जाते. तिथे खोटी साक्ष दिली तर भारतीय दंड संहितेचे कलम १९३ लागू होत असे. आता त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ ने घेतली आहे. चौकशीशी संबंधित कागद सुरक्षित ठेवण्याचे आदेशही लोकायुक्त सुरुवातीलाच देऊ शकतात, कारण चौकशीची कुणकुण लागल्यावर सर्वांत आधी धोका असतो तो नस्तीलाच.

नस्ती हाच मुख्य साक्षीदार का, हे एका साध्या प्रकरणावरून कळते. निवृत्त शिक्षकाचे निधन झाले आणि त्याच्या पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन दोन वर्षे अडले, असे धरले, तर कार्यालयाचे लेखी उत्तर ठरलेले असते: प्रस्तावात त्रुटी होत्या, त्या पूर्ण करून घेण्याची कार्यवाही सुरू आहे. उत्तर खोटे नसते. ते अपुरे असते. नस्ती समोर आली की तिच्या एका भागात पत्रव्यवहार आणि दुसऱ्या भागात टिप्पणी दिसते. टिप्पणीखाली लिपिकाची सही, मग अधीक्षकाची, मग अधिकाऱ्याची, आणि प्रत्येक सहीखाली तारीख. अनुभवी अन्वेषक मजकुराआधी या तारखा वाचतो. सेवापुस्तकातील जन्मतारखेच्या खाडाखोडीची त्रुटी मार्चमध्ये काढली, खुलासा एप्रिलमध्ये आवक नोंदवहीत चढला, आणि पुढची टिप्पणी थेट डिसेंबरमधली असेल, तर मधले आठ महिने नस्ती कोणाच्या टेबलावर होती हा एकच प्रश्न उरतो. ‘चर्चा करावी’ एवढाच शेरा असेल आणि चर्चेची नोंद कुठेच नसेल, तेही बोलके असते. पृष्ठांक ३१ नंतर ३४ आला तर दोन पाने कुठे गेली याचे उत्तर द्यावे लागते. बाहेरच्या माणसाला हे काहीच दिसत नाही. त्याच्या हाती येते ते शेवटचे, स्वच्छ टंकलिखित उत्तर.

शासनाची गुप्तता बाजूला

मूळ नस्ती मिळण्यासाठी आणखी एक अडथळा दूर करावा लागतो. सरकारी कर्मचारी सेवेच्या नियमांनी बांधलेला असतो. कार्यालयातील कागद अनधिकृतपणे बाहेर देणे हे त्याच्यासाठी गैरवर्तन ठरते. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ चा धाक वेगळाच. न्यायालयातही काही कागदांबाबत शासन विशेषाधिकार सांगू शकते. लोकायुक्तांच्या चौकशीपुरते कायद्याने हे सगळे बाजूला केले: माहिती गुप्त ठेवण्याचे कर्मचाऱ्यावरील बंधन इथे लागू होत नाही, आणि न्यायालयात मिळणारा विशेषाधिकार शासनाला इथे सांगता येत नाही. या मर्यादेत लोकायुक्तांना न्यायालयापेक्षा अधिक आत पाहता येते.

शासनाने इतके का सोडावे? कारण त्या माहितीचा पुढचा मार्ग कायद्याने बंद केला आहे. कर्मचाऱ्याच्या खांद्यावरून उतरलेले गुप्ततेचे ओझे लोकायुक्तांच्या कार्यालयाच्या खांद्यावर येते. हे बंधन सैल असते तर प्रत्येक विभागाने नस्ती देताना हात आखडता घेतला असता, आणि प्रत्येक समन्सवर स्वतंत्र वाद उभा राहिला असता.

उरलेली बंद कपाटे

दोन दारे तरीही बंद आहेत. राज्याची सुरक्षितता, देशाचे संरक्षण किंवा परराष्ट्र संबंध यांना बाध येईल अशी माहिती, आणि मंत्रिमंडळाच्या किंवा त्याच्या समितीच्या कामकाजाचा तपशील, मागता येत नाही. माहिती या स्वरूपाची आहे असे मुख्य सचिवांनी प्रमाणपत्र दिले की ते अंतिम मानले जाते. सुरक्षिततेचा अपवाद समजण्यासारखा आहे. मंत्रिमंडळाचा अपवाद मात्र खटकतो, कारण मंत्र्याविरुद्धच्या अभिकथनात निर्णयाचे मूळ अनेकदा तिथेच असते, आणि प्रमाणपत्र देणारा अधिकारी त्याच शासनाचा असतो. याशिवाय, दिवाणी न्यायालयात जी साक्ष देण्याची सक्ती होऊ शकत नाही, उदाहरणार्थ वकील आणि अशील यांच्यातील संभाषण, ती इथेही करता येत नाही.

बंद दाराआड चौकशी

कलम १० प्रमाणे चौकशी खासगीत होते. तक्रारदार आणि संबंधित लोकसेवक या दोघांचीही ओळख चौकशीपूर्वी, चौकशी चालू असताना किंवा नंतर जनतेला वा वृत्तपत्रांना कळू द्यायची नाही, असे कायदा स्पष्ट शब्दांत सांगतो. प्रकरण निश्चितपणे सार्वजनिक महत्त्वाचे असेल तर कारणे लेखी नोंदवून लोकायुक्त ती उघडपणे चालवू शकतात. पण नियम खासगीपणाचा आणि उघडपणा अपवादाचा. न्यायालयाच्या खुल्या सुनावणीच्या तुलनेत हे उलटे वाटते. फरक टप्प्याचा आहे. न्यायालयात आरोप ठेवण्याइतका पुरावा आधी जमलेला असतो. इथे तक्रार म्हणजे केवळ सुरुवात असते. क्षुल्लक किंवा त्रास देण्याच्या हेतूने केलेल्या तक्रारी पुढे फेटाळल्या जातात. त्याआधीच नाव छापून आले तर निर्दोष ठरलेल्या अधिकाऱ्याचीही बदनामी पुसली जात नाही, आणि ज्या तालुक्यात त्याला काम करायचे आहे तिथे त्याच्या सहीचे वजन राहत नाही.

गुप्तता कोणापासून

या तरतुदीची एक बाजू सहज नजरेआड होते. ओळख झाकली जाते ती जनतेपासून आणि वृत्तपत्रांपासून. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्यापासून नाही. प्राथमिक चौकशीनंतर पुढे जायचे ठरले की तक्रारीची प्रत संबंधित लोकसेवकाला आणि सक्षम प्राधिकाऱ्याला पाठवली जाते आणि त्यांना आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळते. ज्याच्यावर ठपका येऊ शकतो त्याचे ऐकून घ्यावे, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्वच आहे. त्याला पर्याय नाही. परंतु गावपातळीवर याचा परिणाम वेगळा होतो. फेरफार नोंद अडवल्याची तक्रार एका शेतकऱ्याने केली, आणि तिची प्रत तहसील कार्यालयात पोहोचली, की ती कोणी केली हे सज्जावर संध्याकाळपर्यंत माहीत होते. त्याच शेतकऱ्याला पुढच्या आठवड्यात पीक पाहणीसाठी किंवा दाखल्यासाठी त्याच दारात उभे राहायचे असते. गुप्ततेची गरज जिथे सर्वांत मोठी, तिथे १९७१ चा कायदा सर्वांत कमी पोहोचतो.

नाव झाकणारी दुसरी पद्धत

यावर उत्तर शोधणारी व्यवस्था केंद्रात २००४ मध्ये आली, आणि ती येण्यामागे एक मृत्यू आहे. सुवर्ण चतुर्भुज महामार्ग प्रकल्पावर काम करणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांनी २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहून कामातील गैरव्यवहार कळवले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. पत्र नावासकट वेगवेगळ्या कार्यालयांत फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. तपास यंत्रणेने तिचे कारण लुटीचा प्रयत्न असे दिले. तरी त्यांच्या विनंतीला गेलेला तडा त्याने भरून येत नाही. सर्वोच्च न्यायालयात हा विषय आल्यानंतर केंद्र शासनाने २१ एप्रिल २००४ रोजी ठराव काढून केंद्रीय दक्षता आयोगाकडे अशा तक्रारी सोपवल्या.

या पद्धतीत तक्रार बंद पाकिटात पाठवायची, पाकिटावर ती जनहितार्थ माहिती असल्याची ठरलेली खूण करायची, पण पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता बाहेर लिहायचा नाही. तो आतल्या पत्रात. आयोग चौकशीला पाठवतो ती नाव काढून टाकलेली प्रत. मजकूर असा लिहावा लागतो की त्यावरून लिहिणारा ओळखू येऊ नये. यातही मर्यादा आहे: एखादी गोष्ट कार्यालयातल्या दोघांनाच माहीत असेल तर नाव झाकूनही लिहिणारा झाकला जात नाही. अशा माणसांना संरक्षण देणारा जागल्या संरक्षण कायदा संसदेने २०१४ मध्ये केला, पण तो अंमलात आणलेला नाही.

कलम १४

चौकशीत मिळालेली सर्व माहिती आणि नोंदलेला सर्व पुरावा गोपनीय मानावा, हे १९७१ च्या कायद्याचे कलम १४ सांगते. बंधन लोकायुक्तांवर आहे, उप-लोकायुक्तांवर आहे आणि कार्यालयातील प्रत्येक कर्मचाऱ्यावर आहे. जबाब टंकलिखित करणाऱ्यापासून नस्ती वाहणाऱ्या शिपायापर्यंत. कायदा इथेच थांबत नाही. पुराव्याच्या कायद्यात काहीही असले तरी कोणतेही न्यायालय लोकायुक्तांना किंवा त्यांच्या कर्मचाऱ्यांना या माहितीविषयी साक्ष देण्याची किंवा तो पुरावा सादर करण्याची सक्ती करू शकत नाही. म्हणजे चौकशी संपल्यावर एखाद्या पक्षकाराने दिवाणी दावा लावला, तरी त्यासाठी लोकायुक्तांचे दप्तर उघडता येत नाही. चौकशीत निर्धास्तपणे बोललेला कारकून पाच वर्षांनी दुसऱ्याच खटल्यात आपलाच जबाब समोर पाहणार नाही, याची ही हमी आहे.

अपवाद मोजके आहेत. चौकशीसाठी आणि त्यावरील अहवालासाठी माहिती वापरता येते. खोटी साक्ष किंवा बनावट पुरावा यांच्या खटल्यात, तसेच शासकीय गुपिते अधिनियमाखालील कार्यवाहीत ती देता येते. याखेरीज नियमांनी ठरवून दिलेल्या प्रयोजनांसाठी. यांतला पहिला अपवाद सर्वांत महत्त्वाचा, कारण गोपनीय माहिती उघड होण्याचा कायदेशीर मार्ग अहवालातूनच जातो.

माहिती अधिकाराशी गाठ

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आला तेव्हा कलम १४ ला प्रथमच तेवढ्याच ताकदीचा प्रतिपक्ष मिळाला. या कायद्याचे कलम २२ इतर कायद्यांतील विसंगत तरतुदींवर मात करते, आणि त्यात शासकीय गुपिते अधिनियमाचे नावही घेतले आहे. दुसरीकडे कलम ८ मध्ये, तपासाला अडथळा येईल अशी माहिती आणि जिच्यामुळे खबर देणाऱ्याची ओळख उघड होईल किंवा त्याच्या जिवाला धोका होईल अशी माहिती नाकारता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये भगत सिंग या अर्जदाराच्या प्रकरणात स्पष्ट केले की केवळ तपास चालू आहे एवढे कारण पुरेसे नाही. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते. कलम १४ सरसकट सर्वच माहिती झाकते, माहिती अधिकार मात्र प्रत्येक कागदाचे कारण विचारतो. चौकशी संपून प्रकरण बंद झाल्यावर दुसरी दृष्टी अधिक न्याय्य ठरते, कारण तेव्हा जपण्यासारखे उरते ते तक्रारदाराचे आणि साक्षीदाराचे नाव. अधिकाऱ्याने नस्तीवर काय लिहिले, ते नव्हे.

फुटलेला अहवाल

गोपनीयता मोडली की काय होते याचे मोठे उदाहरण कर्नाटकातले. तेथील लोकायुक्त न्या. संतोष हेगडे यांनी बेकायदा लोहखनिज उत्खननावरचा अहवाल २७ जुलै २०११ रोजी सादर केला. पण त्यातील मुख्य निष्कर्ष काही दिवस आधीच वृत्तवाहिन्यांवर आले होते. महिनाअखेरीस मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांना पद सोडावे लागले. त्यातून उद्भवलेल्या खटल्यात २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. अहवालाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. खनिजाच्या लुटीची त्यात तपशीलवार मांडणी होती. परंतु सादर होण्याआधी फुटलेल्या अहवालावर ज्यांच्याविषयी तो आहे त्यांना आणि ज्यांना तो द्यायचा आहे त्यांना एकाच वेळी, अर्धवट माहितीवर बोलावे लागते. चर्चा निष्कर्षांवरून घसरून तो कोणी फोडला याकडे जाते.

अहवाल आणि त्याची वाट

गाऱ्हाण्यात अन्याय झाल्याचे आढळले तर लोकायुक्त त्याच्या निवारणाची शिफारस करतात आणि मुदत देतात. ती संपल्यापासून एका महिन्यात सक्षम प्राधिकाऱ्याने काय केले ते कळवायचे असते. अभिकथन सिद्ध झाल्यास अहवाल मिळाल्यापासून तीन महिन्यांत. समाधान झाले तर प्रकरण बंद. झाले नाही तर लोकायुक्त राज्यपालांना विशेष अहवाल पाठवतात. शिवाय दरवर्षी एक एकत्रित अहवाल जातो. हे अहवाल राज्यपाल शासनाच्या स्पष्टीकरणात्मक ज्ञापनासह दोन्ही सभागृहांपुढे ठेवण्याची व्यवस्था करतात.

इथे मौन संपते. तोवर बंद दाराआड असलेले प्रकरण पटलावर येते, आमदार ते वाचू शकतात, वृत्तपत्रे छापू शकतात, आणि शासनाला आपण शिफारस का मानली नाही हे लिहून द्यावे लागते. शिक्षा देण्याचा अधिकार नसलेल्या संस्थेचे बळ एवढ्या एका क्षणात साठलेले असते. अहवाल वेळेवर पटलावर आला नाही, किंवा आला आणि त्यावर चर्चाच झाली नाही, तर चौकशीच्या काळात पाळलेली गोपनीयता दोषी अधिकाऱ्याच्याच पथ्यावर पडते. गोव्याचा अनुभव हेच सांगतो. तेथील लोकायुक्त न्या. पी. के. मिश्रा २०२० मध्ये पदावरून उतरले तेव्हा आपण पाठवलेल्या २१ अहवालांपैकी एकावरही शासनाने कारवाई केली नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. दार बंद ठेवून नेमाने काम केलेल्या अधिकाऱ्याला शेवटी दाराबाहेर येऊन बोलावे लागले, ही त्या राज्याच्या दृष्टीने गंभीर गोष्ट आहे.

ब्रिटन आणि स्वीडन

ब्रिटनमध्ये १९६७ पासून संसदीय आयुक्त याच नमुन्यावर काम करतात: खासगी चौकशी, न्यायालयासारखे अधिकार, कडक गोपनीयता आणि संसदेला अहवाल. पहिले आयुक्त सर एडमंड कॉम्प्टन यांच्याकडे आलेल्या सुरुवातीच्या प्रकरणांत साक्सेनहाउसेन छळछावणीतून वाचलेल्या १२ ब्रिटिशांना परराष्ट्र खात्याने नाकारलेल्या भरपाईचे प्रकरण होते. खासदारांच्या प्रश्नांना खात्याने वर्षानुवर्षे एकच उत्तर दिले होते. कॉम्प्टन यांनी खात्याच्या नस्त्याच वाचल्या, निर्णयाची पद्धत सदोष असल्याचे दाखवले, अहवाल संसदेपुढे आला आणि भरपाई द्यावी लागली.

स्वीडनची परंपरा निराळी. तिथे सरकारी कागद सर्वांसाठी खुले असण्याचे तत्त्व १७६६ पासूनचे आहे, आणि ऑम्बुड्समनकडे आलेली तक्रारही सामान्यतः सार्वजनिक दस्तऐवज असते. ज्या देशात शासनाची नस्ती कोणालाही मागता येते, तिथे ती वाचणाऱ्याच्या तोंडाला कुलूप लावण्याचे कारण फारसे उरत नाही. महाराष्ट्राच्या कायद्यातील गोपनीयता किती लागेल हे शेवटी शासनाची दप्तरे एरवी किती उघडी आहेत यावर ठरते.

मुख्यमंत्र्यांची चौकशी

महाराष्ट्र विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेल्या लोकायुक्त विधेयकात मुख्यमंत्र्यांनाही कक्षेत घेतले आहे. समाजसेवक अण्णा हजारे यांची ही दीर्घकाळची मागणी होती. चौकशी सुरू करण्यासाठी मात्र विधानसभेच्या एकूण सदस्यांपैकी किमान दोन-तृतीयांश सदस्यांची मान्यता लागेल; २८८ च्या सभागृहात याचा अर्थ १९२. अंतर्गत सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांच्याशी संबंधित बाबी वगळल्या आहेत. गोपनीयतेचा नियमही वेगळा आहे: अशी चौकशी गुप्त राहील, आणि तक्रार फेटाळण्याजोगी आहे असा निष्कर्ष निघाला तर चौकशीचे अभिलेख प्रसिद्ध करता येणार नाहीत, कोणालाही देता येणार नाहीत. १९२ आमदारांनी उघड मतदान करून सुरू केलेली चौकशी कोणत्या कागदांच्या आधारे थांबली, हे त्याच आमदारांनाही वाचता येणार नाही.